काळ्या ढगाखालची शकुंतला

आगगाड्यांच्या जुन्या छायाचित्रांचा एखादा संग्रह सवडीने चाळून पाहावा. पाऊस त्यात जवळजवळ नसतोच. इंजिन घासूनपुसून लखलखीत केलेले, फलाटावर साहेब आणि त्यांचे कारकून ओळीने उभे, आणि वरचे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे फटक. आपल्या रेल्वेने शंभर वर्षांत एकही पावसाळा पाहिला नसावा, असे वाटावे! ज्या देशात आषाढ लागला की नाल्यांना पूर येतात आणि रुळांखालचे भराव खचतात, त्या देशाच्या रेल्वेची चित्रे इतकी कोरडी ठणठणीत का, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. त्याचे उत्तर शोधताना मी शेवटी आमच्या वऱ्हाडातल्या एका चिमुकल्या गाडीपाशी येऊन पोहोचलो.

पहिले कारण अगदी साधे, रसायनशास्त्रातले आहे. आगगाडी आणि छायाचित्रण या दोन्ही विद्या आपल्याकडे एकमेकींचे बोट धरूनच आल्या. मुंबई-ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. मुंबईची छायाचित्रण संस्था निघाली पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. पण त्या काळच्या काचेला दिसे ते निळे आणि जांभळे तेवढेच. तांबडा-पिवळा रंग तिच्या लेखी काळाच. त्यामुळे जमिनीवरचे झाड किंवा इंजिन नीट उमटेपर्यंत वरचे आकाश करपून जाई आणि छापात पांढरे उतरे. शिवाय काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच तंबूत नेऊन धुवायची. वादळ अंगावर येत असताना हा संसार कोण मांडणार? फ्रान्समध्ये ग्युस्ताव ल ग्रे नावाच्या कलावंताने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे काढली, तेव्हा काही चित्रांत त्याला समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर जुळवावे लागले. म्हणजे खरे ढग दाखवायलाही लबाडी करावी लागे.

चित्रकाराला ही अडचण नव्हती. टर्नरने १८४४ सालीच पाऊस, वाफ आणि वेग एका चित्रात आणून दाखवले होते. पुलावरून अंगावर येणारे इंजिन आणि भोवती पावसाचे धुके. कॅमेऱ्याला तिथवर पोहोचायला पुढे कित्येक दशके लागली.

दुसरे कारण मात्र रसायनाचे नव्हे, मनाचे आहे. रेल्वेची चित्रे बहुधा कंपन्यांच्या सोयीने निघत. नवे इंजिन कारखान्यातून बाहेर पडले की चित्रापुरता त्याला फिक्या राखाडी रंगाचा हात देत, म्हणजे एकेक खिळा स्पष्ट दिसावा. हे चित्र गिऱ्हाइकाला दाखवायचे, भागधारकाला दाखवायचे. त्यात चिखल, गळके छप्पर आणि नाल्यापाशी खोळंबलेली गाडी कशाला येईल? पुढे चांगल्या फिल्मा निघाल्या, सगळे रंग ओळखू लागल्या, तरी हौशी माणसाची सवय सुटली नाही. सूर्य पाठीशी घ्यावा आणि गाडीचे चित्र काढावे, हा नियम जवळजवळ धर्मशास्त्रासारखा पाळला गेला. अमेरिकेत विन्स्टन लिंक नावाच्या एका वल्लीने मात्र १९५५ ते १९६० या काळात सूर्यालाच रजा दिली आणि रात्रीच्या अंधारात शेकडो फूट तारा पसरून, दिव्यांचा एकदम लखलखाट करून, वाफेच्या इंजिनांची अजब चित्रे घेतली. तितके दिवे परवडणे हीही एक नशिबाची गोष्ट. आम्हांला परवडण्यासारखा दिवा एकच होता, आणि तो वरचेवर ढगाआड जाई.

आता आमच्या गाडीकडे वळू. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग, रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. लोकांनी तिचे नाव ठेवले शकुंतला. कोणी ठेवले, कोणास ठाऊक. पण कण्वाच्या आश्रमातून निघालेल्या मुलीसारखी ती रानावनातून, हरणे बघत, सावकाश जाई, एवढे खरे. मुंबईतल्या किलिक निक्सन या पेढीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांतला; गाड्या चालवी ती जी. आय. पी. रेल्वे, आणि पुढे तिची वारस मध्य रेल्वे. स्वातंत्र्य आले, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, आणि ही छोटीशी वाट करारामुळे कंपनीच्याच नावावर राहिली. 'अजून विलायतेला भाडे जाते' ही गोष्ट आमच्याकडे फार चवीने सांगतात. ती सांगणाऱ्याचा विरस करणे माझ्या जिवावर येते. पण किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत निघालेली पेढी पुढे भारतीयांच्याच हाती आली होती, हेही सांगून ठेवले पाहिजे.

गाडी काढली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. त्याआधी यवतमाळचा कापूस बैलगाड्यांतून धामणगाव स्टेशनला जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाके आसापर्यंत रुतत. रूळ आले तशी गाठींची वाट सोपी झाली: मूर्तिजापूरला मोठी गाडी, तिथून मुंबईचे बंदर, तिथून पुढे बोटीने परदेश. गंमत अशी की, ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसावर डोळा ठेवला, त्याच मँचेस्टरात १९२१ साली बांधलेले इंजिन या मार्गावर आले. १९२३ पासून त्याने सत्तर वर्षे इमानेइतबारे गाडी ओढली. कापूस घेऊन गेले आणि बदल्यात इंजिन दिले. हा सौदा कोणाला किती पडला, याचा हिशेब अर्थशास्त्र्यांनी करावा.

ही गाडी चित्रासाठी पावसाळ्यातच पाहावी, असे माझे ठाम मत आहे. आणि ते नुसत्या हौसेचे मत नाही. वैशाखात आमच्याकडे हवा इतकी तापलेली आणि कोरडी असते की, धुराड्यातून सुटलेली वाफ दोन हात वर जाते न जाते तोच विरून जाते. चित्रात इंजिन थंड पडल्यासारखे दिसते. तीच वाफ ओल्या, गार हवेत लगेच थिजते, पांढरीशुभ्र होते, डब्यांच्या वरून मागे लांबवर लोळत राहते. मागे काळा ढग असला की ती अशी उठून दिसते, जणू पाटीवर खडूने रेघ ओढावी. रूळ ओले झाले की इंजिनाची चाके जागच्या जागी फिरतात, धापा वाढतात, रुळांवर वाळू सोडावी लागते. इंजिन किती कष्ट उपसते, हे त्याच दिवशी डोळ्यांना दिसते. पाणी पिऊन काळी माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर अंथरलेले हलके रूळही तिच्याबरोबर वरखाली होतात. म्हणूनही शकुंतला सावकाश चाले. तिच्या संथपणाला आपण हसलो, पण त्यात मातीचा वाटा होता.

माझ्याकडे तेव्हा आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार होणारा हा डबा त्या काळी कितीतरी मध्यमवर्गी घरांत असे. एका गुंडाळीत बारा चित्रे, शटरचा वेग एकच. तेव्हा मी दारव्ह्याजवळच्या एका गावी शाळामास्तर होतो. हिशेब सोपा होता. ताशी वीस किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला साडेपाच मीटर सरकते. पन्नासाव्या हिश्शाच्या सेकंदात अकरा सेंटिमीटर. बाजूने चित्र घेतले तर चाके पुसट होणार. तेव्हा गाडी वळणावरून तिरपी अंगावर येताना घ्यायची. पिवळ्या काचेची चाळणी निळ्या आकाशाला गडद करते, पण राखाडी ढगापुढे तिचे काही चालत नाही. तिथे ढग स्वतःच काळा असावा लागतो, आणि गाडीवर कुठून तरी उजेड पडावा लागतो. हे दोन्ही एका वेळी हवे असेल, तर हस्त नक्षत्रासारखा मुहूर्त नाही. आमच्या भागातला मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागराकडून, म्हणजे पूर्वेकडून चढून येतो. संध्याकाळी यवतमाळकडून येणारी गाडी पश्चिमेला तोंड करून असते. मागे पूर्वेला ढगांची भिंत, समोरून मावळतीचे ऊन. एवढे जुळून आले की झाले.

१९८५ साली ते तसे जुळून आले. लाडखेडच्या अलीकडे एका वळणावर मी बांधावर उभा होतो. पूर्वेचे आकाश जांभळट काळे झाले होते, वारा पडला होता, बगळ्यांची एक रांग त्या काळोखावरून चालली होती. शेजारच्या वावरात एक म्हातारे शेतकरी आणि त्यांच्या घरच्या दोघी बाया कापूस वेचत होत्या. वेचत होत्या म्हणण्यापेक्षा बोंडे ओरबाडत होत्या. पहिल्या वेचणीचा कापूस, बोंडे नुकतीच फुटलेली. सीतादहीची पूजाही अजून व्हायची होती. एरवी आधी पूजा होते आणि मग झाडाला हात लागतो. पण त्या ढगाने मुहूर्त मोडला होता. फुटलेल्या बोंडावर हस्ताचा पाऊस पडला की कापूस काळवंडतो, सरकीला कोंब येतात, मालाची प्रत उतरते, आणि वर्षभराच्या उधारीचा मेळ बसत नाही.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, फोटू कायचा काढता जी? गाडीचा का ढगाचा?"

"दोन्हींचा, बाबाजी."

"ढगाचा नोका काढू," ते म्हणाले. "तो येऊन रायला तेवढा पुरे हाय."

तेवढ्यात शिटी ऐकू आली. गाडी वळणावर आली, धापा टाकत, वाफेचा पांढरा लोळ मागे सोडत. नेमक्या त्या घटकेला ढगाच्या कडेखालून ऊन निसटले आणि इंजिनाचे कपाळ तांब्यासारखे उजळले. मी कळ दाबली. पुढच्याच क्षणी पहिले थेंब पडले, टपोरे, मातीत खड्डा पाडणारे. मी कॅमेरा सदऱ्याखाली घातला आणि बायांबरोबर कापसाची ओझी उचलायला धावलो. तीन खेपांत जेवढा गोठ्यात नेता आला तेवढा नेला. उरलेला झाडांवरच भिजला.

ते चित्र पुढे दोन-तीन प्रदर्शनांत गेले. बघणारे वाफेचे कौतुक करत, ढगाचे कौतुक करत. उजव्या कोपऱ्यात वाकलेल्या तीन पाठी आहेत, त्यांकडे फार थोड्यांचे लक्ष जाई. मला मात्र त्या पाठींशिवाय हे चित्र अपुरे वाटते. गाडी त्यांच्या कापसासाठी जन्मली, आणि तो ढग त्यांच्या कापसावर चालून येत होता. कंपनीच्या दप्तरात गाठींचे आकडे असतील, भाड्याचे असतील. हस्ताच्या एका संध्याकाळी किती कापूस भिजला, तो आकडा कोणत्या वहीत लिहिला जातो? उन्हात काढलेल्या शंभर चित्रांत या गाडीचा इतिहास निम्माच आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. चित्राची एक प्रत मी बाबाजींना नेऊन दिली. त्यांनी ती आढ्याजवळ, गणपतीच्या तसबिरीशेजारी लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्या वर्षी पानी आलतं, थे हे."

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेलचे आले. त्यानंतरही पावसाळ्यात मी चित्रे काढली, पण डिझेलच्या इंजिनाला ढगाशी काही बोलायचे नसते. गाडीची माणसे तीच राहिली, रीत तीच राहिली. लहान स्टेशनांवर गार्डच खाली उतरून तिकिटे फाडी, आणि मोटारीच्या मानाने भाडे इतके थोडे की, गरिबाला वेळेपेक्षा पैसाच महाग असतो हे त्या तिकिटावरून कळे. २०१६ साली मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली. आता कित्येक वर्षे त्या रुळांवर गाडी धावलेली नाही. ठिकठिकाणी गवत आणि बाभळी माजल्या आहेत.

दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गाचे काम चालू झाले आणि त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्या पावसाळ्यात मी नातीला घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. येताना स्टेशनवर डोकावलो. गाडी उभी होती आणि वर आभाळ गच्च भरून आले होते. नातीने फोन काढला, चित्र घेतले, मला दाखवले. चित्र स्वच्छ होते, पण ढग फिकट आणि दिवस उजळ. आजकालचा कॅमेरा अंधार दिसला की आपणहून उजेड घालतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेसारखेच यालाही काळे आभाळ सोसत नाही. "आबा, एवढं काळं नव्हतं का हो?" तिने विचारले. मी म्हटले, "वर बघ." तिने वर पाहिले, मग पडद्यावर बोट ठेवून हळूहळू खाली ओढले. गाडीवरचा उजेड उतरला, फलाट उतरला, आणि ढग जसा होता तसा काळा झाला.

"असंच राहू दे," मी म्हटले. तेवढ्यात पाऊस आला आणि आम्ही छपराखाली पळालो.