एमसीआर पादत्राणे

एमसीआर पादत्राणे ही ज्यांच्या पायाच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे किंवा पूर्णपणे गेली आहे, अशा व्यक्तींसाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा (मायक्रोसेल्युलर रबर) आतील तळ वापरून बनवलेली पादत्राणे होत. कुष्ठरोग आणि मधुमेह या दोन रोगांत त्यांची गरज प्रामुख्याने भासते. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती पात्र रुग्णांना विनामूल्य दिली जातात. परभणी जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात त्यांच्या मापाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरील व्रण रोगाने आपोआप होत नाहीत. वेदना न जाणवल्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब आणि दुर्लक्षित इजा त्यांना कारणीभूत असतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दाब तळव्यावर विभागला जावा, म्हणून मऊ रबराचा तळ वापरात आला. त्याचा कठीणपणा शोअर मापनानुसार सुमारे १५ अंश ठेवतात. चिमटीत धरल्यास तो सहज दबतो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. मात्र एवढ्या मऊ रबरातून बाभळीचा काटा किंवा कापूस काढल्यावर शेतात उरलेले पऱ्हाटीचे खुंट सहज आरपार जातात. त्यामुळे खाली कठीण रबराचा दुसरा तळ जोडणे आवश्यक असते. जोडणीत खिळे वापरत नाहीत.

माप घेणे

सामान्य ग्राहक चप्पल घालून चार पावले चालतो आणि ती चावते की नाही ते ठरवतो. बधिर पायाच्या बाबतीत ही कसोटी निरुपयोगी आहे. किंबहुना ती घातक ठरते. कारण सैल पादत्राण पायात असल्याचे अशा व्यक्तीला जाणवतच नाही, आणि घट्ट बसणारे तेवढे ‘नीट बसले’ असे वाटते. घट्ट पट्ट्याखालची त्वचा काही तासांत सोलवटली, तरी वेदनेची सूचना मिळत नाही. म्हणून माप डोळ्यांनी व हातांनी घ्यावे लागते.

माप संध्याकाळी घेणे इष्ट, कारण दिवसभरात पायावर सूज चढते. व्यक्तीला उभे करून, दोन्ही पायांवर भार ठेवून, कागदावर पावलांची बाह्यरेषा काढतात. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचे माप ग्राह्य धरावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ ते १.५ सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. बाह्यरेषेप्रमाणे कापलेला कागद पादत्राणात ठेवल्यावर त्याच्या कडा दुमडल्या, तर पादत्राण अरुंद आहे.

पट्टे कमीजास्त करता येणारे असावेत. टाचेमागे पट्टा हवाच: बोटे वाकलेली असल्यास किंवा पाऊल लुळे पडले असल्यास पायाला चप्पल धरून ठेवता येत नाही. अंगठ्याजवळ पट्टी असलेली साधी चप्पल याच कारणाने टाळतात. शिवाय ती पट्टी बोटांच्या बेचक्यात घासते.

वापर

नवे पादत्राण पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालून नंतर कालावधी वाढवतात. काढल्यावर तळवा आरशात किंवा घरच्यांकडून तपासावा. लाल झालेली जागा लवकर निवळली नाही, तर ते पादत्राण दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. घालण्यापूर्वी आत खडा शिरला आहे का, हे हाताने चाचपावे. हातही बधिर असल्यास डोळ्यांनी पाहावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पट्ट्यांत वाळून टणक होतो व तोही त्वचा घासतो. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालल्यास बधिर तळवा भाजतो, म्हणून अंगणापुरतेही पादत्राण काढू नये. रबर दबून चपटे झाले, की वरून चांगले दिसणारे पादत्राणही बदलावे लागते.

सामाजिक बाजू

पूर्वी या चपलांचा ठरावीक आकार लांबूनही ओळखू येई आणि घालणाऱ्याचा रोग गावभर जाहीर होई. त्यामुळे अनेक जण त्या घरात ठेवून अनवाणी किंवा साध्या चपलेत शेतावर जात. पुढे बाजारातील सँडलसारखे दिसणारे नमुने बनवण्यात आले. मधुमेहींमध्येही हाच तळ वापरला जाऊ लागल्याने ही ओळख काहीशी पुसट झाली आहे.