तळटीप : साती आसरा

साती आसरा : डोहाच्या काठी किंवा विहिरीपाशी शेंदूर फासलेले सात तांदळे ओळीने मांडलेले दिसतात, त्या या जलदेवता. बरेचदा शेजारी राखणदार म्हणून म्हसोबा असतो. खण, हिरव्या बांगड्या, दहीभात हा त्यांचा मान. भर दुपारी किंवा अमावास्येला एकट्याने पाण्यावर गेलेल्याला आसरा धरतात, असा खेड्यापाड्यांतला समज. कथेतलं वारजे आज महामार्गालगतचं उपनगर असलं, तरी ते खडकवासल्याच्या खालच्या अंगाला, मुठेकाठी वसलेलं आहे. कथेतल्या आजीची भीती त्या पाण्याची आहे.

नायिका वाचते त्या इंग्रजी कादंबरीतली बोआन हीसुद्धा पाण्याचीच देवी. आयरिश पुराणकथेनुसार ती निषिद्ध विहिरीपाशी गेली, पाणी उसळून तिच्यामागे थेट समुद्रापर्यंत धावलं आणि त्यातून बॉइन नदी झाली. या कथा मध्ययुगात ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी उतरवून ठेवल्या, म्हणून टिकल्या. आसरांच्या कहाण्या मात्र अजून मुख्यतः तोंडीच आहेत, आणि त्या सांगणाऱ्या आज्या कमी होत चालल्या आहेत. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी पुणे परिसरातली देवीस्थानं पायी हिंडून पाहिली होती; त्यांचं १९६२ चं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक मोठ्या वाचकांनी आवर्जून वाचावं.

मैत्रीण आसरांना ‘चेटकिणी’ म्हणते, ते पात्राचं बोलणं म्हणून तसंच ठेवलं आहे. आसरा देवता आहेत. चेटकाचा आळ येतो तो जित्याजागत्या माणसावर, बहुतेकदा एकट्या बाईवर. असा आळ घेऊन कुणाला छळणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.