ज्वालामुखीच्या अंगणांतील विहार

इटलीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कंपानिया नांवाचा प्रांत आहे. नेपल्स हें त्याचें मुख्य शहर, आणि त्या शहरापुढील विस्तीर्ण आखात हें त्याचें खरें वैभव. तेथें विश्रांतीसाठीं जाण्याची चाल आजकालची नव्हे; ती निदान दोन हजार वर्षांची आहे. निळा समुद्र, लिंबांच्या बागा, द्राक्षांचे मळे, ऊन पाण्याचे झरे आणि या सर्वांवर नजर ठेवून असलेला व्हेसुव्हियस पर्वत, एवढें एका टापूंत क्वचितच आढळतें. परंतु प्रवासवर्णनें वाचतांना एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. येथील ऊन झरे, मळ्यांची काळी कसदार माती, पश्चिमेकडील वाटोळ्या टेकड्या व तळीं, हें सर्व भूगर्भांतील अग्नीचें देणें आहे. प्रवासी ज्याला शोभा म्हणतो, तेंच तेथील रहिवाशाच्या दारांतलें संकट आहे. आणि या प्रांतांतील विहाराचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे हे दोघे एकाच पर्वताकडे किती निराळ्या दृष्टीनें पाहत आले हें पदोपदीं दिसतें.

या विहाराचें आद्य पीठ म्हणजे नेपल्सच्या पश्चिमेचें बायी. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरीस तेथील ऊन कुंडांच्या लोभानें धनिकांनीं समुद्रकांठीं प्रासाद उठविले. सीझरचें तेथें घर होतें, पुढें नीरोचेंही झालें. स्नानें, नौकाविहार, मेजवान्या आणि रात्रभर चालणारीं गाणींबजावणीं यांमुळें त्या गांवाची कीर्ति व अपकीर्ति सारख्याच वाढल्या. तत्त्वज्ञ सेनेका तेथें पोंचला तो दुसऱ्याच दिवशीं निघाला, आणि सज्जनानें टाळावें असें हें स्थळ आहे, असें त्यानें आपल्या मित्रास कळविलें. (सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, हें त्याचें पत्र वाचतांना विसरूं नये.) त्याच्या उपदेशानें जें साधलें नाहीं तें भूमीनें केलें. हा किनारा शतकानुशतकें हळूहळू खचतो आणि पुन्हां वर येतो. खचतां खचतां बायीचा मोठा भाग समुद्राखालीं गेला. २००२ सालीं तेथें पाण्याखालील पुराणवस्तूंचें रक्षित क्षेत्र स्थापन झालें, आणि आतां हौशी लोक बुड्या मारून त्या बुडालेल्या दिवाणखान्यांची फरसबंदी पाहतात.

शेजारच्या पोत्सुओली गांवांत संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर त्यांच्या अंगावर भोंकांचा एक पट्टा दिसतो. हीं भोंकें समुद्रांतील शिंपल्यांनीं पाडलेलीं आहेत. म्हणजे खांब उभेच्या उभे पाण्यांत गेले आणि उभेच वर आले! भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यानें १८३० सालच्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठापुढें याच खांबांचें चित्र घातलें. तेथें सेरापिस देवाची मूर्ति सांपडल्यामुळें वाटाडे त्या जागेस फार दिवस देऊळ म्हणत. वस्तुतः तो रोमन लोकांचा बाजार होता. जवळच १५३८ च्या सप्टेंबरअखेर अवघ्या आठवड्यांत एक नवी टेकडी उभी राहिली, आणि त्रिपेरगोले हें खेडें तिच्याखालीं गडप झालें. आज तिच्या झाडींतून सहलीच्या वाटा जातात.

इ. स. ७९ मधील व्हेसुव्हियसचा उद्रेक आणि पाँपेईचा नाश हे विषय वाचकांस परिचित आहेत. ते येथें पुन्हां सांगत नाहीं. त्याहून कमी परिचित, परंतु मला अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट १६३१ ची आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरांत पर्वत फुटला आणि तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतर स्पॅनिश राजप्रतिनिधीनें पायथ्याच्या पोर्तिची गांवीं रस्त्याच्या कडेस एक लॅटिन शिलालेख उभारविला. तो राजाच्या स्तुतीचा नाहीं. येणाऱ्या पिढ्यांना उद्देशून त्यांत म्हटलें आहे कीं, ही गोष्ट तुमचीच आहे. हा पर्वत फुटण्यापूर्वीं गुरगुरतो, भूमि हालवितो, धूर ओकतो. तीं चिन्हें दिसतांच घरदार व चीजवस्तु यांचा मोह न धरतां पळून जा. सरकारी शिलालेखांत इतकी कळकळ मीं दुसरीकडे वाचलेली नाहीं. आणि त्याचा परिणाम? १७३८ सालीं बूर्बाँ घराण्यांतील राजा चार्ल्स यानें त्याच पोर्तिचींत आपला प्रासाद बांधावयास घेतला. राजा गेला तेथें सरदार गेले. पर्वत व समुद्र यांमधील त्या पट्टींत शंभराहून अधिक हवेल्या उठल्या, आणि लोक तिला सोन्याचा मैल म्हणूं लागले. शिलालेख अद्याप तेथेंच आहे.

त्याच वर्षीं हर्क्युलेनियमचें व दहा वर्षांनीं पाँपेईचें उत्खनन सुरू झालें, आणि यूरोपभरच्या प्रवाशांचा ओघ नेपल्सकडे वळला. इंग्रजांचा वकील हॅमिल्टन १७६४ पासून तेथें होता; त्यानें या अग्निप्रदेशावर १७७६ सालीं हातानें रंगविलेल्या चित्रांचा भव्य ग्रंथ काढला. त्यांतील एका चित्रांत रात्रीच्या वेळीं तप्त रसाचा लोट वाहत आहे, आणि राजाराणीस तो दाखविण्यासाठीं हॅमिल्टन सोबत आला आहे. जणूं नाटकाचा प्रयोगच चालला आहे! १७८७ सालीं गटे तीनदां पर्वतावर गेला. अन्यान्य प्रवासी आन्यानो तळ्याजवळच्या 'कुत्र्याच्या गुहे'कडे जात. तेथें जमिनीलगत कर्बवायूचा थर असे. वाटाड्या त्यांत कुत्रें धरी, तें बेशुद्ध पडे, मग मोकळ्या हवेंत आणून त्यास सावध करी आणि पैसे घेई. सुशिक्षित मंडळी हा प्रकार ज्ञानार्जन म्हणून पाहत असत.

पुढें यंत्रांचें युग आलें. इटलींतील पहिली आगगाडी १८३९ सालीं धांवली ती नेपल्सहून याच पोर्तिचीकडे. १८४१ सालीं पर्वताच्या उतारावर वेधशाळा स्थापन झाली. १८७२ च्या एप्रिलांत उद्रेक पाहण्यासाठीं रात्रीं वर चढलेल्या लोकांना तप्त रसानें गांठलें व कित्येक जण प्राणांस मुकले. त्यांत विद्यार्थी होते. वेधशाळेचा अधिकारी पाल्मिएरी मात्र आपली जागा न सोडतां नोंदी करीत राहिला. यानंतर आठ वर्षांनीं शिखराजवळ दोरानें ओढली जाणारी गाडी सुरू झाली, आणि तिच्यावर रचलेलें 'फुनिकुली फुनिकुला' हें गाणें जगभर झालें. १९०६ च्या उद्रेकानें ती गाडी मोडली; ती पुन्हां बांधली; १९४४ च्या मार्चांत ती कायमची गेली. त्याच उद्रेकांत सान सेबास्तियानो गांवांतून तप्त रस वाहत गेला, आणि जवळच्या तळावरील सुमारें ऐंशी अमेरिकन विमानें राखेनें निकामी झालीं. गाणें अजून गातात.

काप्री बेटावरील नील गुहेचा 'शोध' १८२६ सालीं कोपिश नांवाच्या जर्मन कवीनें लावला, असें मार्गदर्शिका सांगतात. त्याला तेथें नेणाऱ्या कोळ्यांना ती आधींपासून ठाऊक होती, ही गोष्ट शोधांत धरीत नाहींत.

आज पाँपेईंत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसास वीस हजारांहून अधिक लोकांना प्रवेश देत नाहींत. व्हेसुव्हियसच्या मुखाच्या कडेनें पायवाट आहे, आणि त्याच्या धोक्याच्या कक्षेंत सात लाखांच्या आसपास वस्ती आहे. पण सध्यां अस्वस्थ आहे ती पश्चिमेकडील भूमि. पोत्सुओलीचा जुना वाडा १९७० सालीं रिकामा करविला. १९८२ ते १९८४ मध्यें गांव जवळजवळ सहा फूट वर उचललें गेलें आणि सुमारें चाळीस हजार लोकांना हलवावें लागलें. गंधकाच्या धुराचें सोल्फातारा हें तेथील प्रसिद्ध प्रेक्षणीय विवर २०१७ सालीं एका कुटुंबांतील तिघे खड्ड्यांत पडून मेल्यावर बंद झालें. २०२४ व २०२५ सालीं भूकंपाचे जोराचे धक्के बसले. गांवाच्या छोट्या बंदराचा तळ इतका वर आला आहे कीं, पाणी ओसरलें म्हणजे कोळ्यांच्या होड्या तेथें चिखलांत कलंडून पडतात.