बोकडाच्या अंगावरील तीन भाषा

चकली-करंजीच्या ताटाशेजारी मटणाच्या दुकानाची गोष्ट काढली, तर काही वाचक नाक मुरडतील. पण ज्यांच्या घरी रविवारी रस्सा रटरटतो, त्यांना तरी ठाऊक असावे, की वाटीतल्या तुकड्यालाही इतिहास आहे. आणि त्या इतिहासाची चित्रेही आहेत.

मिसर देशातील सक्कारा येथील थडग्यांच्या भिंतींवर चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे खाटीक कोरलेले आहेत. बैल आडवा पाडून ते त्याचा पुढचा पाय कापताना दिसतात. तो मृताला अर्पण करावयाचा असे. पुढे १५५१ साली पीटर आर्टसेन या चित्रकाराने मांसाचे सबंध दुकान रंगविले. १८६१ साली इंग्लंडात निघालेल्या मिसेस बीटनबाईंच्या पुस्तकात तर जनावराच्या आकृतीवर रेघा आखून एकेका भागाला आकडे दिले आहेत.

आपल्याकडे हे काम शब्दांनी केले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त बोराएवढे तुकडे कसे करावेत, मांस शूलावर कसे भाजावे, हे इतके बारकाईने सांगितले आहे, की चित्राची उणीव भासू नये.

आता श्रीवर्धनला या. पेशव्यांच्या मूळपुरुषाचे हे गाव १९४८ पर्यंत सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होते. कोकणातल्या खाटकाच्या तोंडचे शब्द ऐका. दस्त म्हणजे हात, सीना म्हणजे छाती, रान म्हणजे मांडी, ही सारी फारसी. चाप इंग्रजी. नळी आणि काळीज आपली घरची. एका बोकडाच्या अंगावर तीन भाषा सुखाने नांदतात!

मग साहेबाचे तुकडे मोठे आणि आपले लहान का? त्याच्याकडे भट्टी; सबंध मांडी भाजून ती टेबलावर कापावयाची. आपल्याकडे चूल आणि पातेले. हाडासकट लहान तुकडे केले, म्हणजे नळीतला मगज रश्शात उतरतो. शिवाय हवा उष्ण आणि दमट. अमेरिकेचा बर्फ १८३४ मध्ये जहाजाने मुंबईस आला खरा, पण तो पैसेवाल्यांच्या पेल्यापुरता. इतरांना सकाळी कापलेले त्याच दिवशी शिजविणे भाग होते. म्हणून सारे जनावर एकदम खपले पाहिजे, आणि म्हणूनच ‘वाटा’! प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी छाती, एखादी नळी, काळजाचा तुकडा. चांगले एकाला आणि हाडे दुसऱ्याला, असे नाही.

आज थंड पेटीत निवडक तुकडे बांधून मिळतात. सोय झाली, यात शंका नाही. पण चिंचेच्या ओंडक्यावर सत्तूर चालविणाऱ्या हाताला जी समवाटणी येत होती, ती कोणत्याही तक्त्यात उतरलेली नाही. ती हातातच राहिली, आणि हाताबरोबरच जाईल. तेव्हा पुढच्या रविवारी दुकानात गेलात, तर नुसते वजन विचारू नका; तुकड्याचे नावही विचारा, आणि घरी येऊन मुलांना सांगा.