घंटेच्या पोटातला ओ'क्लॉक

शाळेत शिकवतात तो नियम एवढाच: ओ'क्लॉक पूर्ण तासालाच लागतो. 'फाइव्ह ओ'क्लॉक' बरोबर, 'फाइव्ह-थर्टी ओ'क्लॉक' चूक. मागे 'पीएम' जोडू नये, हवं तर 'इन दि ईव्हनिंग' म्हणावं. आपली मुलं नेमकी इथे घसरतात, कारण मराठीतलं 'वाजता' पाचलाही चालतं आणि साडेपाचलाही.

ओ'क्लॉक म्हणजे 'ऑफ द क्लॉक', घड्याळाचे. झिजत झिजत 'ऑफ'चा नुसता 'ओ' उरला. (ओ'ब्रायनमधला 'ओ' वेगळा, तो आयरिश, अर्थ नातू किंवा वंशज.) पण पाच म्हणजे घड्याळाचेच पाच, हे मुद्दाम सांगायची वेळ का यावी? कारण तेव्हा तास दोन जातींचे होते. सूर्योदय ते सूर्यास्त असा दिवस धरून त्याचे बारा भाग करायची जुनी रीत होती. लंडनचा उन्हाळी दिवस साडेसोळा तासांचा, हिवाळी जेमतेम आठ तासांचा; म्हणजे त्या रीतीचा एक तास जूनमध्ये आजच्या ऐंशी मिनिटांच्या वर जाई आणि डिसेंबरात चाळिशीच्या आसपास उतरे. यंत्राला हे लाड जमत नाहीत. त्याचे तास बारा महिने सारखे, म्हणून बोलताना कुठल्या हिशेबाचे पाच ते सांगणं भाग होतं.

चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिल्या तेव्हा हे दोन्ही हिशेब शेजारी नांदत होते. त्यातला सराईवाला एके ठिकाणी झाडाची सावली झाडाएवढीच लांब पडलेली पाहतो, तारीख १८ एप्रिल हे ध्यानात घेतो आणि 'घड्याळाचे दहा' झाल्याचा निर्वाळा देतो. बघतो सूर्याकडे, भाषा मात्र यंत्राची!

आणि हे यंत्र बघायचं नव्हतंच. क्लॉक हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'क्लोका'च्या कुळातला, आणि क्लोका म्हणजे घंटा. फ्रेंच 'क्लोश' आणि जर्मन 'ग्लोके' ही त्याची भावंडं आजही घंटाच आहेत. सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमधलं घड्याळ १३८६ च्या सुमाराचं मानतात. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. ते फक्त तासाचे टोले देतं. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये कटवाले मध्यरात्रीनंतर घड्याळाचे तीन टोले मोजतात. सीझरच्या रोममध्ये टोल्यांचं घड्याळ कुठलं? पण लंडनच्या प्रेक्षकाला वेळ कानानेच कळायची, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडेही तेच. घटिकापात्र पाण्यात बुडलं की २४ मिनिटांची घटका भरली, आणि घड्याळजी थाळीवर टोला हाणी. बाबराने आपल्या आठवणींत या थाळ्यांचं वर्णन केलंय. 'तास' हे मराठीत त्या थाळीचंही नाव होतं. 'एक वाजला', पण 'दोन वाजले'. 'दीड वाजला', पण 'अडीच वाजले'. क्रियापद अजून टोल्यांचा हिशेब ठेवून आहे, जरी दीडचा टोला कुणी ऐकला नसला तरी. मुंबईत १८७८ साली राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा पुरा झाला. त्यासाठी पैसा देणाऱ्या प्रेमचंद रायचंदांनी त्याला आईचं नाव दिलं. आईला दिसत नसे आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे, म्हणून घंटेची सोय, असं सांगतात.

घंटा पूर्ण तासाला वाजायची, म्हणून ओ'क्लॉकही पूर्ण तासालाच, हे उत्तर मोहात पाडतं. पण ते टिकत नाही. १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केलं, मागोमाग मिनिटकाटा रुळला, आणि त्यानंतरही एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्रज 'हाफ पास्ट नाइन ओ'क्लॉक' बिनदिक्कत लिहीत होते. आजचा नियम त्यामानाने नवा, वापरातून घट्ट झालेला. आपल्या पोरांची 'चूक' शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खपून गेली असती.

पुढे विमानं आली आणि हा शब्द घंटा सोडून तबकडीवर जाऊन बसला. वैमानिक 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक' म्हणतो तेव्हा नाकासमोर, 'थ्री' म्हणजे उजवीकडे, 'सिक्स' म्हणजे पाठीमागे. 'वाजता'ला ही झेप साधलेली नाही. 'सहा वाजता विमान आहे' असं मराठीत ओरडलं, तर ऐकणारा मागे वळून बघायचा नाही, बॅग भरायला घेईल.