टेकडी कुणी हिरवी ठेवली? खड्डे खणणाऱ्यांचा इतिहास

हेडफोन लावून टेकडी चढताना हा भाग ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट तुमच्या पायाखालचीच आहे. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव पर्वती. इथली पायवाट, चर, झाडाभोवतीचं आळं, वणवा अडवायला काढलेली जाळरेषा, हे सगळं कुणीतरी हाताने केलंय. इतिहासात नावं येतात साहेबांची. कुदळ धरणाऱ्यांचं काय?

सुरुवात करू दापोडीपासून. इंग्रज तिला ‘डापुरी’ म्हणत. तिथे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि सरकारी वनस्पती उद्यान होतं. 1838 पासून ते अलेक्झांडर गिब्सन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरकडे होतं. लष्कराच्या दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तिथे वाढवल्या जायच्या. जंगल तुटलं की ओढे आटतात, हे गिब्सन सरकारला सांगत राहिला आणि 1847 मध्ये इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास त्याने एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रं आहेत, गिब्सनचं नाव आहे, पण चित्रकाराचं नाव नाही. मग रोपांना पाणी घालणाऱ्या माळ्यांची नावं कुठून मिळणार?

पुढे दापोडीची बाग बंद झाली आणि 1873 मध्ये गणेशखिंडीत नवी उभी राहिली. 2020 मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. म्हणजे बघा, माळ्यांच्या किती पिढ्यांनी ती जगवली असेल!

आता गोष्टीची दुसरी बाजू. 1878 चा वन कायदा आला आणि गावाची चराऊ रानं सरकारी झाली. महात्मा फुले पुण्यातच होते. 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्यावर कडक टीका केली, कारण शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागाच उरली नव्हती. पण फुले तिथेच थांबले नाहीत. सरकारने पलटणीतले आणि पोलिसातले रिकामे हात कामाला लावावेत, जागोजागी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल, असं त्यांनी सुचवलं. आज ज्याला आपण पाणलोटाचं काम म्हणतो, ते हेच की!

ते हात प्रत्यक्षात कामाला लागले दुष्काळाने. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात तेच काम राज्यभर पसरलं आणि 1977 मध्ये कायदा झाला. बायका-पुरुष हजारोंनी बांध घालत होते, चर खणत होते, खडी फोडत होते. डोंगरउतारावर चर कसा खणतात, माहितेय? ‘ए’ आकाराची लाकडी चौकट घ्यायची, मधे ओळंबा सोडायचा आणि एकाच पातळीवरचे बिंदू जोडत जायचं. चरातली माती खालच्या अंगाला टाकायची. धावणारं पाणी चरात अडतं आणि मुरतं. तंत्र सोपं आहे, पण उन्हात कातळ फोडणाऱ्या पाठीला विचारा.

मग टेकड्यांवर झाडं लागली. त्यात ग्लिरिसिडिया भरपूर, म्हणजे आपली गिरिपुष्प किंवा उंदीरमारी. मूळची मध्य अमेरिकेतली. फांदी खोचली तरी जगते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, पानांचं खत होतं. उघड्या टेकडीला झटपट हिरवं करायचं असेल तर याहून सोयीचं काय? फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचा गुलाबी बहर बघायला आपण रील काढत जातोच.

पण इथेच खरा प्रश्न येतो. टेकडी ‘पूर्ववत’ करायची म्हणजे कधीसारखी? 1982 मध्ये प्रकाश गोळे यांनी पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि निसर्गाचं पुनरुज्जीवन हा अभ्यासाचा विषय आहे, नुसता वृक्षारोपणाचा कार्यक्रम नाही, हे शिकवलं. अलीकडे तर संशोधकांनी जुनं मराठी साहित्य वनस्पतींच्या खुणा शोधत वाचलं. त्यातून दिसलं की पश्चिम महाराष्ट्राचा बराच कोरडा भाग शेकडो वर्षांपूर्वीही गवताळ, विरळ झाडांचाच होता. म्हणजे प्रत्येक ‘बोडका’ माळ हा तोडलेलं जंगल नसतो! कुसळी, मारवेल, पवन्या हे गवत, मधूनमधून सालई, मोई, गणेर, आणि गवतात जमिनीवर घरटं करणारा चंडोल. तिथे दाट सावली आणली तर गवत मरतं आणि चंडोल जातो.

त्यामुळे टेकडीवरच्या टोळीचं काम आज बदलतंय. खड्डा कुठे खणायचा याइतकंच कुठे खणायचा नाही, हेही महत्त्वाचं झालंय. जूनमध्ये लागवड, मग तण काढणं, पावसाळा संपला की गवत कापून जाळरेषा काढणं, मग उन्हाळाभर रोपांना पाणी आणि वणव्यावर नजर. आग लागली की हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायची. हे करतात वनमजूर, वनरक्षक आणि रविवारी येणारे स्वयंसेवक. स्वयंसेवकांची गोष्ट आपण सांगतो. रोजंदारीवरच्या मजुराची मात्र कुणी सांगत नाही, आणि रोप जगतं ते त्याच्या एप्रिलमधल्या फेऱ्यांवर.

पुण्याने 1997 मध्ये 23 गावं शहरात घेतली. त्यांच्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित आहे. कागदावरचं आरक्षण बांधकाम अडवू शकतं, पण वणवा अडवू शकत नाही. त्याला माणसंच लागतात, दरवर्षी, तीच कामं पुन्हा पुन्हा करणारी.

तेव्हा मंडळी, 5 जूनला रोप लावायला जरूर जा. पण कधीतरी एप्रिलमध्ये पाण्याचे कॅन घेऊन पण चढा. वाटेत घमेलं घेतलेली मावशी किंवा कोयता घेतलेले काका भेटले तर थांबा, नाव विचारा, कुठलं झाड कधी लावलं ते विचारा. दापोडीच्या चित्रकाराचं नाव विचारायचं राहून गेलं. यांचं राहायला नको.

भेटू पुढच्या भागात!