काजव्याचं झाड आपल्याच फोकसने विझतंय, वाचवायचं कसं? जाणून घ्या

अकोले : रोहिणी नक्षत्र लागलं की भंडारदरा परिसरात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे, मुरशेत या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही झाडं रात्री लुकलुकतात. मोठा पाऊस झाला की खेळ संपतो. एवढ्या थोड्या दिवसांत तंबू, जेवण, वाटाड्याचं काम यातून अनेक घरांचा बी-खताचा खर्च निघतो. म्हणून काजवा टिकणं ही पोटाची पण गोष्ट आहे.

काजवा चमकतो कशासाठी?
जोडीदार शोधण्यासाठी. नर उडत उडत इशारा देतो, मादी बहुधा पानावर किंवा गवतात बसून उत्तर देते. पोटाच्या टोकाला असलेल्या रसायनाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हा थंड उजेड तयार होतो. मोठ्या झालेल्या काजव्याचं आयुष्य काही दिवसांचंच. तेवढ्यात जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी काजवे नाहीत.

उजेडाने काय बिघडतं?
गाडीचा हेडलाइट, हायमास्ट किंवा मोबाईलची बॅटरी झाडावर पडली की एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. काजवे चमकायचे थांबतात. आमच्या वस्तीवर देवळासमोर सोलर दिवा बसला. अंधारात पाय ठेवायची भीती गेली, ते चांगलंच झालं. पण त्याचा उजेड शेजारच्या उंबरावर जातो आणि आता त्या उंबरावर काजवा बसत नाही. दिवा नको असं नाही, त्याचं तोंड खाली पाहिजे.

शेतकऱ्याचा काय संबंध?
काजव्याची अळी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते. घुबड उंदीर खातं, वटवाघळं रात्री किडे टिपतात. हे सगळे अंधारात काम करणारे आपले गडी आहेत. दिवा कीटकांना कसा ओढतो हे हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी प्रकाश सापळा लावणाऱ्याला सांगायला नको. रात्रभर जळणारा फोकस असाच सापळा आहे, फक्त त्यात चांगले-वाईट सगळेच किडे मरतात.

एवढं करता येईल :
- अंगणातल्या आणि रस्त्याच्या दिव्याला वरून टोपी लावा, उजेड जमिनीवरच पडू द्या.
- पांढऱ्याशुभ्र एलईडीऐवजी पिवळसर दिवा लावा. खोक्यावर ३००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी आकडा पाहून घ्या.
- हंगामात काजव्याच्या झाडाजवळचे जादा दिवे संध्याकाळनंतर बंद ठेवा. प्रकाश सापळा त्या झाडांपासून लांब लावा आणि काम झालं की बंद करा.
- पाहुण्यांची गाडी लांब उभी करा, हेडलाइट बंद करायला सांगा. वाटेसाठी बॅटरीला लाल कागद लावा आणि ती पायाशीच धरा.
- फ्लॅश मारून फोटो नको, काजवे पकडून बाटलीत भरणं नको, झाडाखाली गर्दी नको. मातीत अंडी असतात.
- कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनविभागाने दिलेल्या वेळा पाळा.

हे जमतं का?
जमतं. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी जंगलालगतच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. गावं अंधारात गेली नाहीत, फक्त आभाळाकडे जाणारा उजेड कमी झाला.

पुढच्या ग्रामसभेत दिव्यांचा विषय निघेल तेव्हा ‘किती दिवे’ एवढंच न विचारता ‘तोंड कुठं’ हे पण विचारा. मृग लागायच्या आत हे केलं तर याच हंगामात फरक पडू शकेल.